हिशोब वेगळा, शिकवणं वेगळं : असोसिएट डॉक्टरच्या एका नोकरीचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते. पैशांच्या व्यवहाराला 5 पैकी साडेचार, शिकवण्याला 5, रात्रीच्या इमर्जन्सी आणि रजांच्या व्यवस्थेला अडीच. सगळं धरून, नव्याने प्रॅक्टिसमध्ये उतरलेल्या आय सर्जनने जरूर जावं अशी ही जागा आहे.

रिव्ह्यू एका खाजगी नेत्ररुग्णालयातल्या असोसिएटच्या नोकरीचा आहे. रुग्णालय एका सीनियर सर्जन मॅडमचं. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं ज्युनियर, भूलतज्ज्ञ लागतील तसे येतात, बाकी ऑप्टोमेट्रिस्ट, ओटी सिस्टर, रिसेप्शन आणि हिशोब बघणारे एक काका. नाव देत नाही, कारण मी अजून तिथेच काम करते. पण अटी सगळ्या सांगते, उपयोग त्यांचाच आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं फेको मशीन घ्यायचं तर आपण चार सर्जनना फोन करतो, डेमो मागवतो, सर्व्हिसवाला वेळेवर येतो का तेही विचारतो. ज्या सीनियरच्या हाताखाली आपला हात तयार होणार, त्यांच्याकडच्या अटी विचारायला मात्र जीभ रेटत नाही. मग पहिल्या महिन्याचे पैसे खात्यात येतात तेव्हा कळतं आपलं काय ठरलं होतं.

आधीच्या ठिकाणी माझं तसंच झालं. तिथे पैशांचा विषय काढला की उत्तर यायचं, "शिकायला मिळतंय ना?" आणि शिकवण्याचा विषय काढला की, "पगार देतोय ना?" ओपीडी, ऑपरेशनपूर्वीची मोजमापं, दुसऱ्या दिवशीच्या पट्ट्या सोडणं, फॉलो-अप, रात्रीचे फोन, सगळं ज्युनियरकडे. केस हातात यायची ती सर बाहेरगावी गेले की. म्हणजे ज्या दिवशी सांगायला, सावरायला कोणी नाही, नेमकी त्या दिवशी. नोट्सवर ऑपरेटिंग सर्जन म्हणून नाव पुन्हा सरांचंच. हे माझ्यावर अन्यायाचं होतंच, त्याहून जास्त पेशंटवर होतं.

तिथून निघताना माझं एक मत पक्कं झालं आणि या रिव्ह्यूत मी त्याच मापाने मोजणार आहे: शिकवणं आणि मोबदला यांची एकमेकांत वजावट करू नये. शिकवण्याची किंमत कोणाला आकड्यात मांडता येत नाही, त्यामुळे तिच्या नावावर पगार कितीही खाली आणता येतो. आणि शिकवलंच नाही तर ज्युनियरला मागणी करायला कागदावर काही नसतं. दोन्हीकडून तोच बुडतो.

सीनियर मंडळींचं म्हणणं असतं की आमच्या काळी आम्ही फुकट राबलो, विद्या अशीच मिळते. यात हिपोक्रेटिसच्या शपथेचा दाखलाही दिला जातो. ती शपथ नीट वाचली तर तिथे फुकट काय द्यायचं ते स्पष्ट आहे. गुरूला आई-वडिलांसारखं मान, त्याला गरज पडली तर आपल्यातलं दे, आणि त्याच्या मुलांना शिकायचं असेल तर फी किंवा करार न घेता शिकव. फुकट द्यायचं ते शिकवणं. ज्युनियरचं काम फुकट घ्यावं असं त्यात कुठेही नाही. सुश्रुतसंहितेत तर शिष्याला दीक्षा देताना गुरू स्वतःलाही बांधून घेतो: तू नीट वागत असताना मीच तुझ्याशी वेगळा वागलो, तर पाप मला लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो. सर्जरी शिकवणाऱ्या माणसाने स्वतःवर घातलेली याहून कडक अट माझ्या वाचनात नाही. वर्ल्ड मेडिकल असोसिएशनच्या 1948 च्या जिनिव्हा जाहीरनाम्यात, म्हणजे डॉक्टरांच्या आधुनिक शपथेत, फक्त शिक्षकांबद्दलचा आदर होता. 2017 साली त्यात सहकारी आणि विद्यार्थीही आले. इतक्या उशिरा का होईना, आदर दोन्ही दिशांनी जायला हवा हे लिहिलं गेलं.

आता आमच्या मॅडमकडे येते. मुलाखतीच्या वेळी त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले, एक मानधनाचा आणि एक प्रशिक्षणाचा. म्हणाल्या, "घरी घेऊन जा. ज्याला दाखवायचे त्याला दाखव. काही खटकलं तर खुणा करून आण, मग बोलू." मी खुणा करून नेले. त्यातली एक अट त्यांनी बदलली, दोन बदलल्या नाहीत, पण का बदलत नाही ते सांगितलं.

मानधनाचा कागद असा. दर महिन्याला एक ठरलेली किमान रक्कम, आणि तिच्यावर केलेल्या ऑपरेशनचा हिस्सा. किमान रक्कम ओपीडी, फॉलो-अप, कॅम्पमधली तपासणी यांसाठी. नव्या डॉक्टरला पहिले काही महिने स्वतःचे पेशंट नसतात. त्याला निव्वळ टक्केवारीवर ठेवलं तर धंद्याची सगळी जोखीम त्याच्या डोक्यावर येते, आणि निव्वळ पगारावर ठेवलं तर पुढे तो दुप्पट काम करू लागला तरी त्याला तेवढेच मिळतात. दोन्ही एकत्र ठेवणं मला रास्त वाटतं.

पण खरी मेख टक्क्यात नसते, टक्के कशाचे यात असते. हे मला पदव्युत्तर शिक्षणात कोणी शिकवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. समजा, मोतीबिंदूच्या एका ऑपरेशनचं बिल 100 झालं. त्यात लेन्स आणि वापरलेलं साहित्य 30. विमा कंपनीने मंजूर केले 90, तेही उशिरा. तुम्हाला तोंडी सांगितलंय, "20 टक्के तुझे." बिलावर धरले तर 20 मिळतील. जमा रकमेवर धरले तर 18. जमा रकमेतून साहित्य वजा करून उरलेल्या 60 वर धरले तर 12. आणि त्यातून 'थिएटरचा खर्च' म्हणून आणखी 20 काढले तर 40 चे 8. शब्द एकच, हातात 20 सुद्धा येऊ शकतात आणि 8 सुद्धा. दोन ठिकाणच्या ऑफरमधले टक्के तुलना करत बसण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

आमच्याकडे हिस्सा जमा रकमेवर आहे, लेन्स आणि साहित्य वजा करून. थिएटरचा खर्च वजा होत नाही, कारण मालकाचा मोठा हिस्सा मुळात त्याच्यासाठीच असतो: मायक्रोस्कोप, मशीन, कर्ज, जागा, आणि इतक्या वर्षांत कमावलेलं नाव. तो हिस्सा मोठा असण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम विचारून घेतली होती, आणि तुम्हीही विचारा: लेन्स वजा कोणत्या किमतीने होते? छापील आणि खरेदीची किंमत यात पुष्कळ अंतर असू शकतं. छापील किमतीने वजा केलं तर मधला फरक एकट्या मालकाच्या खिशात राहतो आणि ज्युनियरचा हिस्सा आपोआप आकसतो. इथे खरेदीच्या बिलाने वजा होते आणि बिल मागितलं तर दाखवतात. एकदा एका टोरिक लेन्सची (तिरका नंबरही दुरुस्त करणारी लेन्स) छापील किंमत चुकून लावली गेली होती. काकांना दाखवल्यावर पुढच्या महिन्याच्या कागदावर फरकाची वेगळी ओळ आली, समोर तारीख आणि पेशंटचा नोंदणी क्रमांक.

तो महिन्याचा कागद या नोकरीतली मला सगळ्यात आवडलेली वस्तू आहे. प्रत्येक केसची एक ओळ असते: बिल, जमा, वजावट, हिस्सा, आणि विम्याचे पैसे यायचे असतील तर 'बाकी' असा शेरा. केस कोणत्या प्रकारची तेही लिहिलेलं असतं, 'स्वतंत्र', 'देखरेखीखाली' किंवा 'मदत'. स्वतंत्र केसला पूर्ण हिस्सा, देखरेखीखालच्या केसला त्याच्या निम्मा, मदतीला ठरलेली छोटी रक्कम. देखरेखीखालच्या केसला निम्मा का, हे मी विचारलं होतं. मॅडमचं उत्तर होतं की त्या केसची जबाबदारी पूर्णपणे त्यांची असते आणि अर्ध्यातून हातात घ्यावी लागली तर त्याच घेतात. मला ते पटलं. शून्य असता तर पटलं नसतं, कारण त्या पेशंटची तपासणी, समुपदेशन, ऑपरेशनची बरीचशी पावलं आणि महिनाभराचे फॉलो-अप ज्युनियरनेच केलेले असतात.

केस गुंतागुंतीची झाली, मागची कॅप्सूल (डोळ्यातल्या भिंगाचं पातळ आवरण) फाटली, व्हिट्रेक्टॉमी म्हणजे पुढे आलेला व्हिट्रियस, डोळ्यातला जेलीसारखा भाग, कापून काढावा लागला, वेगळी लेन्स लागली, तर तो जादा खर्च ज्युनियरकडून कापला जात नाही. हे कलम कागदावर आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कॅप्सूल फाटल्याचे पैसे कापले जाणार हे डोक्यात असलेला सर्जन मदत मागायला उशीर करतो. डोळ्यात व्हिट्रियस पुढे आलेलं असताना तो उशीर पेशंटला महागात पडतो. इन्डेम्निटी विमा, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दल दावा झाला तर संरक्षण देणारा, ज्युनियरच्या स्वतःच्या नावावर, हप्ता रुग्णालय भरतं.

आणखी एक गोष्ट कागदावर नाही याचाही मला आनंद आहे. ओपीडीतून कोणी किती ऑपरेशन 'काढली' याचा आकडा कोणाच्याच हिशोबात धरला जात नाही. ऑपरेशन करण्याचे पैसे मिळतात, ऑपरेशन सुचवण्याचे मिळत नाहीत. बाहेरच्या डॉक्टरने पेशंट पाठवला म्हणून त्याला काही जात नाही आणि आम्ही रेटिनावाल्याकडे (डोळ्याच्या पडद्याच्या तज्ज्ञाकडे) पाठवला तर आम्हाला काही येत नाही. हा प्रश्न जुना आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स 1913 साली स्थापन झालं तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक फी वाटून घेण्याच्या याच पद्धतीविरुद्ध होता. सीनियर-ज्युनियरमधला हिस्सा आणि पेशंट पाठवल्याचं कमिशन या दोन गोष्टी लोक सर्रास एकाच पोत्यात भरतात. एक केलेल्या कामाचा मोबदला आहे, दुसऱ्यात माणूस विकला जातो.

आता शिकवण्याबद्दल, आणि इथे मी हात आखडता घेणार नाही.

फेकोइमल्सिफिकेशन, म्हणजेच फेको, मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून ओढून काढण्याची पद्धत. ते 1967 साली चार्ल्स केलमन यांनी माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा केलं. त्यानंतर तंत्र खूप सुधारलं, पण शिकणाऱ्याची अडचण आहे तिथेच आहे. अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद, त्यातून आत जाणारी अवजारं, आणि मागे जेमतेम काही मायक्रॉन जाडीची कॅप्सूल. पहिली पावलं सगळ्यात अवघड असतात. पुढच्या कॅप्सूलमध्ये पाच-साडेपाच मिलिमीटरचं गोल तोंड करायचं असतं, त्याला आम्ही रेक्सिस म्हणतो. ती कडेला पळाली की पुढचं सगळं ऑपरेशन बिघडतं. म्हणून नवख्याला सुरुवातीपासून करायला दिलं की त्याची प्रत्येक केस पहिल्या पाच मिनिटांतच हातातून काढून घ्यावी लागते.

मॅडम उलट्या टोकाने शिकवतात. पहिले काही आठवडे ज्युनियरने फक्त शेवटचं पाऊल करायचं: छेदाच्या कडांत पाणी भरून तो बंद करणं, गळत नाही ना हे बघणं. ते जमलं की त्याआधीचं, व्हिस्कोइलॅस्टिक (ऑपरेशनभर डोळ्यात जागा धरून ठेवणारं जेल) धुऊन काढणं. मग लेन्स घालणं. मग उरलेलं कॉर्टेक्स, म्हणजे भिंगाचा बाहेरचा मऊ थर, ओढणं. मग केंद्रक, म्हणजे भिंगाचा मधला कठीण गाभा, फोडणं. रेक्सिस सगळ्यात शेवटी. याचा फायदा नंतर कळतो. प्रत्येक वेळी मॅडमच्या हातची उत्तम रेक्सिस, उत्तम तयार झालेला डोळा तुमच्या समोर येतो, आणि पुढच्या पावलासाठी आधीचं पाऊल कसं असायला हवं हे हाताला कळत जातं. रेक्सिसची पाळी येते तेव्हा ती वेडीवाकडी झाली तर लेन्स बसवताना काय होईल, हे पाठ झालेलं असतं. त्याआधी प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव सक्तीचा आहे. सुश्रुतानेही शिष्याला आधी भोपळा, काकडी, कातड्याच्या पिशव्या, कमळाचे देठ यांच्यावर हात बसवायला लावलं होतं. थेट माणसावर जाऊ नये हे इतक्या जुन्या काळापासून ठाऊक आहे, तरी आजही कित्येक ठिकाणी ज्युनियरचा पहिला सराव पेशंटवरच होतो.

एक प्रसंग सांगते, त्यावरून त्यांची पद्धत कळेल. पेशंट थेंबांच्या भुलीवर असतो, पूर्ण जागा, सगळं ऐकत. त्यामुळे "अगं काय करतेस, सोड ते" असं बोलायची सोय नाही. फेकोच्या पायाच्या पेडलला तीन टप्पे असतात: एकवर फक्त पाणी आत जातं, दोनवर त्यासोबत ओढलं जातं, तीनवर अल्ट्रासाउंडही चालू होतं. घाबरलेला ज्युनियर काय करतो? पाय झटकन पूर्ण उचलतो. पाणीही बंद होतं, डोळ्यातली पुढची जागा बसते आणि मागची कॅप्सूल वर येऊन सुईला भिडते. "थांब" म्हटलं की नेमकं हेच होतं. म्हणून मॅडम कधीही थांब म्हणत नाहीत. मायक्रोस्कोपच्या शेजारच्या आयपीसमधून बघत, आवाज जराही न चढवता म्हणतात, "एकवर ये." म्हणजे पाणी चालू ठेव, बाकी सोड, श्वास घे. केंद्रकाचा शेवटचा तुकडा ओढताना मी हे कितीतरी वेळा ऐकलंय. त्यांचा हात माझ्या हातापासून बोटभर अंतरावर असतो, पण "मी घेते" असं त्यांनी म्हटल्याशिवाय तो पुढे येत नाही, आणि म्हटलं की वाद नाही, मी खुर्ची सोडते. हे तीन-चार शब्द आधीच ठरलेले असतात. ओटीत मला अगं-तुगं करतात, पेशंटसमोर मात्र कायम "डॉक्टर, तुम्ही बघा". पेशंटने मला डॉक्टर मानावं यासाठी याची किती मदत होते, हे ज्याला पेशंटसमोर "ए, जरा तो टॉर्च दे" असं ऐकावं लागलंय त्याला विचारा.

ज्या दिवशी शिकवायची केस असते त्या दिवशीची लिस्ट एका केसने कमी ठेवतात. शिकवण्याचा खर्च म्हणजे काय, तर हा: ओटीतला वेळ. तो मॅडम स्वतः सोसतात. शिकवतो असं सांगणारे पुष्कळ असतात, पण भरगच्च लिस्टमध्ये कोणी शिकवू शकत नाही. तुमच्या मुलाखतीत सीनियरना एवढंच विचारा, की शिकवायच्या दिवशी लिस्ट किती असते.

लिस्ट संपली की चहाच्या टेबलावर व्हिडिओ. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीने फेकोसाठी बनवलेली ऑस्कार नावाची गुणपत्रिका आहे, ज्यात ऑपरेशनचं एकेक पाऊल नवशिक्यापासून सक्षमपर्यंतच्या पायऱ्यांवर तपासतात. मॅडम ती भरतात, पण त्याआधी मला भरायला लावतात आणि मग दोन्ही शेजारी ठेवतात. 'छान झालं' किंवा 'अजून सफाई हवी' अशा मोघम शेऱ्यांपेक्षा 'कॉर्टेक्स ओढताना टोक पूर्ण झाकलं नव्हतं' हे किती उपयोगी पडतं! आणि महिन्यातून एकदा गुंतागुंतीच्या केसेसची बैठक होते, त्यात पहिला व्हिडिओ मॅडमचा असतो. स्वतःच्या हातून फाटलेली कॅप्सूल त्या आम्हा दोघांना, सिस्टरसकट, दाखवतात. कुठे घाई झाली, कुठे थांबायला हवं होतं, सांगतात. तीस वर्षं ऑपरेशन करणारी व्यक्ती हे करते तेव्हा आपली केस दाखवायची लाज उरत नाही.

हाताच्या पलीकडचं शिकवणंही आहे. एका वयस्कर बाईंना मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात होती आणि दृष्टी कमी होती ती मुख्यतः मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाच्या, झिजेमुळे. मुलगा ऑपरेशनवर अडून बसला होता. मॅडम शेजारी बसल्या आणि बोलू मला दिलं. मी रेटिनाचा फोटो दाखवून समजावत होते, मुलगा ऐकत नव्हता. मॅडमनी बाईंनाच विचारलं, "आजी, तुम्हाला काय करता येत नाहीये?" आजी म्हणाल्या, वाचता येत नाही. मग जवळचा नंबर नव्याने काढला, भिंग देऊन बघितलं, उजेड कसा ठेवायचा ते सांगितलं. ऑपरेशनचा विषय त्या दिवसापुरता संपला. त्या महिन्याच्या माझ्या कागदावर या अर्ध्या तासाची ओळ नव्हती आणि किमान रक्कम कशासाठी असते, हे मला तेव्हा नीट कळलं. ती नसती तर मीही त्या मुलाच्या बाजूला झुकले असते का, हा प्रश्न प्रत्येक सीनियरने मानधन ठरवताना स्वतःला विचारावा.

पेशंटला ऑपरेशन कोण करणार हे आधी सांगितलं जातं. संमतिपत्रावर दोघींची नावं असतात आणि "मॅडमनीच करावं" असं कोणी म्हटलं तर मॅडमच करतात, चेहऱ्यावर नाराजी न आणता. नोट्सवर ज्याने केलं त्याचं नाव. लॉगबुकवर, म्हणजे ज्युनियरने केलेल्या केसेसच्या नोंदवहीवर, सही दर आठवड्याला, मागावी लागत नाही.

आता उणं काय ते. रात्रीच्या इमर्जन्सीला पहिला फोन ज्युनियरला. ऑपरेशन झालं तरच त्याचे पैसे. फुटलेला डोळा बघायला मध्यरात्री जायचं, शील्ड लावायची, सीटी करून घ्यायचा, आणि पेशंट मोठ्या रुग्णालयात हलवावा लागला तर कागदावर काहीच नाही. झोप तर गेलीच, जबाबदारीही घेतली, आणि हिशोबात त्याला जागा नाही. दिवसाचा हिशोब इतका चोख ठेवणाऱ्या ठिकाणी हे फार खटकतं. रात्री जाण्याची ठरावीक रक्कम असावी, ऑपरेशन होवो न होवो, असं आम्ही दोघांनी लेखी दिलंय. नूतनीकरणाच्या वेळी बघू, असं उत्तर आहे.

रजांचं तसंच. एक ज्युनियर रजेवर गेला की दुसऱ्यावर दुप्पट ओपीडी आणि सलग सगळ्या रात्री. लांबच्या आजारपणात किंवा बाळंतपणाच्या रजेत किमान रक्कम चालू राहणार की नाही, याबद्दल कागद गप्प आहे. मुलाखतीला गेलेली बाई हा प्रश्न विचारायला कचरते, कारण विचारला की नोकरी हातची जाईल अशी धास्ती असते. म्हणून तो विचारायची वेळच येऊ नये, तो आधीपासून छापलेला असावा. स्वतः बाई असलेल्या मालकिणीकडून माझी एवढी अपेक्षा नक्कीच होती.

तिसरी उणीव पुढच्या वाटेची. काही वर्षांनी भागीदारी मिळू शकते का, मिळाली तर कोणत्या हिशोबाने, यावर एक ओळ नाही. सोडून जायचं कलम मात्र चांगलं आहे: दोन्ही बाजूंना सारखीच नोटीस, शेजारी प्रॅक्टिस टाकायला बंदी नाही, फक्त पेशंटची यादी आणि रेकॉर्ड न्यायचं नाही. शिकवलेला ज्युनियर समोरच दुकान मांडेल ही सीनियरची भीती खोटी नाही, मी ती समजू शकते. पण कितीतरी करारांत त्या भीतीपोटी ज्युनियरला वर्षानुवर्षं लांब राहण्याची अट घालतात, त्यामानाने हे फारच सभ्य आहे.

शिवाय मॅडम तोंडावर कौतुक करत नाहीत. गुणपत्रिकेत वरची पायरी लिहितात, बोलून दाखवत नाहीत. ज्यांना शाबासकी ऐकायची सवय आहे त्यांना पहिले महिने जड जातील. आणि रेटिना किंवा ग्लॉकोमाची सर्जरी शिकायची असेल तर इथे येऊ नका, त्या केसेस बाहेर पाठवल्या जातात. त्यासाठी फेलोशिप करा.

मोतीबिंदूत हात पक्का करायचा असेल, हिशोब दर महिन्याला कागदावर हवा असेल, आणि रात्रीच्या फोनची मोजदाद होईपर्यंत थोडं भांडायची तयारी असेल, तर या. येण्याआधी मागच्या महिन्याच्या कागदाचा नमुना मागा, पेशंटची नावं झाकून दाखवतात. आमच्यापैकी एकाशी मॅडम समोर नसताना बोलायचं असेल तर तेही मुलाखतीच्याच दिवशी जमवून देतात. मला तसं बोलू दिलं होतं, आणि आता नव्या उमेदवारांशी मी बोलते. रात्रीच्या कॉलचं वरचं सगळं त्यांनाही सांगते. मॅडमना ते माहीत आहे.